घरून काम, घरचं जेवण आणि इन्कम टॅक्स: बांधावरची भाकरी कुणाच्या खर्चात?

गेल्या महिन्यात विश्रामबागेतली एक मुलगी माझ्याकडे रिटर्न भरायला आली. सॉफ्टवेअरचं काम करते, 2020 साली पुण्याहून सांगलीला परतली आणि मग इथंच राहिली. नोकरी सोडून आता स्वतःची कामं घेते. तिनं टेबलावर एक जाडजूड फाईल ठेवली. मला वाटलं बँकेची स्टेटमेंट असतील. उघडून बघतो तर खाण्याची बिलं! फूड ॲपवरून मागवलेली, महिन्यांप्रमाणे लावलेली, प्रत्येक गठ्ठ्याला टाचणी. सगळ्यात वर पनीर भुर्जी आणि तीन चपात्या, वेळ रात्री 11:40. शेवटच्या कागदावर पेनानं बेरीज: 61,480 रुपये.

"काय ओ काका, ऑफिसात असते तर कॅन्टीन असतं. मी घरून काम करते, म्हणजे माझं घर हेच ऑफिस. मग हे वजा होणार ना?"

या सीझनला हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असतो, त्यात कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं की जेवणाचं बिल ठेवा, टॅक्स वाचवा. म्हणून एकदा नीटच लिहितो. यातली कलमं आणि आकडे 31 मार्च 2026 पर्यंतच्या कमाईचे आहेत, कारण त्या कमाईला 1961 चा आयकर कायदा लागतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा, 2025 चा कायदा सुरू झाला. त्यात कलमांचे नंबर बदलले, पण धंद्याचा खर्च कशाला म्हणायचं याचा मूळ नियम तोच आहे.

कर नेमका कशावर?

धंदा करणाऱ्याला कर जमेवर लागत नाही, नफ्यावर लागतो. अठरा लाख जमा झाले आणि ते मिळवायला चार लाख खर्च आला, तर कराचा हिशेब चौदा लाखांवर. हे जे चार लाख बाजूला काढले, त्याला वजावट म्हणायचं. इथवर सगळ्यांना कळतं. भांडण सुरू होतं ते त्या चार लाखांत काय काय बसवायचं यावरून.

कायद्याच्या कलम 37 मध्ये याची कसोटी आहे. खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, आणि तो खाजगी खर्च नसावा. 'केवळ' हा शब्द फार कडक आहे. थोडा धंद्यासाठी, थोडा माझ्यासाठी, असा एकमेकांत कालवलेला खर्च त्यातून आत जात नाही.

बांधावरची भाकरी

आपल्याकडची गोष्ट घ्या. हळदीच्या रानात खुरपणीला चार बायका लावल्या, दुपारी त्यांना चहा-भाकरी दिली. ती शेताच्या खर्चात लिहिता येते, कारण माणसं कामाला आली नसती तर ती भाकरी भाजलीच नसती. त्याच बांधावर मालकही फडकं सोडून जेवायला बसतो. त्याची भाकरी शेताचा खर्च होते का? नाही. शेत पडीक ठेवलं असतं तरी त्याला दुपारी भूक लागलीच असती. (शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे मला ठाऊक आहे. उदाहरण समजण्यापुरतं घ्या.)

एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा: उद्या हे काम बंद पडलं, तर हा खर्चही बंद पडेल का? इंटरनेटचं जादा स्पीडचं कनेक्शन बंद होईल. सॉफ्टवेअरची वर्गणी बंद होईल. रात्रीचं जेवण बंद होणार नाही.

इंग्लंडात 1975 साली एका सुताराचा खटला याच मुद्द्यावर गाजला. घरी दुपारचं जेवण दहा पेन्समध्ये व्हायचं, कामावर असला की बाहेर खावं लागायचं आणि चाळीस पेन्स जायचे. बिचाऱ्यानं सगळं जेवण मागितलंच नव्हतं, वरचे तीस पेन्स तेवढे वजा करा म्हणाला. न्यायमूर्ती टेम्पलमन यांनी तेही नाकारलं. माणूस जेवतो तो जगण्यासाठी, काम करण्यासाठी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मात्र नाटकात भूमिकेचा भाग म्हणून चहा पिणाऱ्या नटाची गोष्ट वेगळी, असंही ते म्हणाले. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण 'केवळ धंद्यासाठी' या शब्दांचा अर्थ त्यातून जितका स्वच्छ कळतो तितका एखाद्या परिपत्रकातूनही कळत नाही.

मीही सुरुवातीला ही चूक केली आहे. ऑफिस काढल्यावर पहिल्या वर्षी स्वतःच्या खानावळीचं महिन्याचं बिल मी 'कार्यालयीन खर्च' म्हणून वहीत लिहिलं होतं. माझ्या गुरूंनी लाल पेनानं त्यावर रेघ मारली आणि शेजारी एकच शब्द लिहिला: उचल. मालकानं धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे म्हणजे उचल, तिचा नफ्या-तोट्याशी संबंध नाही. किराणा दुकानदार घरी दोन किलो साखर नेतो, ती विक्रीही नसते आणि खर्चही नसतो. उचलच ती.

पगारदार माणसाचं काय?

थोडक्यात आटपतं. पगारदाराला प्रत्यक्ष खर्च दाखवायची सोयच कायद्यात नाही, मग तो घरून काम करो नाहीतर ऑफिसातून. जेवण सोडा, घरच्या ऑफिससाठी घेतलेली खुर्ची, लाईटबिल, काहीच वजा होत नाही. त्याऐवजी सगळ्यांना सरसकट स्टँडर्ड डिडक्शन मिळतं: नव्या करपद्धतीत (दर कमी, सवलती मोजक्या) 75,000 रुपये, जुन्या पद्धतीत (दर जास्त, सवलती जास्त) 50,000. यातली कुठली घ्यायची ते आपण निवडायचं. बिल मागत नाहीत, पुरावा मागत नाहीत. 75,000 ला 365 नं भागलं तर दिवसाला 205 रुपये येतात. तुमचा डबा, पेट्रोल, इस्त्री, जे काय असेल ते त्यात आलं असं समजा.

कंपनीनं 'वर्क फ्रॉम होम अलाउन्स' किंवा 'फूड अलाउन्स' म्हणून दरमहा रोख रक्कम पगारात घातली असेल, तर नाव काहीही असो, तो पगारच. पूर्ण करपात्र.

मग ती जेवणाची कुपनं?

इथं गोंधळ जास्त आहे. आयकर नियमांतला नियम 3 असं सांगतो की कंपनीनं कामाच्या वेळात ऑफिसमध्ये जेवण दिलं, किंवा दुसऱ्याला देता येणार नाहीत आणि फक्त खाण्याच्या ठिकाणीच चालतील अशी कुपनं दिली, तर एका जेवणामागं 50 रुपयांपर्यंतची सुविधा कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरायची नाही. महिन्याचे 22 दिवस आणि रोज दोन खाणी धरली तर महिन्याला 2,200, वर्षाला 26,400 रुपये होतात. जुन्या पद्धतीत 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे सेससकट (सेस म्हणजे करावर लागणारा जादा कर) साधारण 5,490 रुपये वाचतात.

पण नवी करपद्धत घेतली असेल तर कुपनांची ही सवलत मिळत नाही. 2020 सालीच नियमात तशी दुरुस्ती झाली आहे. ऑफिसच्या जागेत दिलेल्या जेवणाला ती दुरुस्ती लागत नाही, पण घरी बसून काम करणाऱ्याला ऑफिसच्या जेवणाचा काय उपयोग? माझ्याकडे साताऱ्याच्या गोडोलीतून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा एक जण येतो. त्याच्या कार्डावर दरमहा कुपनाचे पैसे पडतात आणि वर्षअखेरीला फॉर्म 16 मध्ये, म्हणजे कंपनी देते त्या पगाराच्या आणि कापलेल्या कराच्या दाखल्यात, तीच रक्कम करपात्र म्हणून दिसते. तो दरवर्षी चिडतो. मी दरवर्षी तेच सांगतो.

कामानिमित्त बाहेरगावी पाठवलं तर मात्र वेगळं. दौऱ्यावर नेहमीच्या जागेपासून लांब असताना रोजच्या खर्चासाठी मिळणारा दैनिक भत्ता, जितका प्रत्यक्ष खर्च झाला तितका करमुक्त असतो, आणि नव्या पद्धतीतही ही सूट कायम आहे. पण घरून काम म्हणजे दौरा नव्हे. गोडोलीत राहणाऱ्याचं गोडोलीतलं घर हे 'नेहमीच्या जागेपासून लांब' कसं होणार?

स्वतःचं काम करणाऱ्यांसाठी: उक्तं की मोजून?

आता त्या मुलीकडे येऊ, कारण खरी गंमत इथं आहे.

घर रंगवायला दिलं तर दोन रीती असतात. एक, रंगाऱ्याला रोजावर लावायचं, रंग-ब्रश-पॉलिश पेपरचं बिल वेगळं द्यायचं. दुसरी, उक्तं द्यायचं: एवढे पैसे, सगळं त्यात. उक्तं घेतलेला रंगारी संध्याकाळी "साहेब, चहाचे वेगळे" म्हणाला तर आपण हसतो.

कलम 44ADA हे आयकरातलं उक्तं आहे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरियरवाले, माहिती तंत्रज्ञानवाले अशा ठरावीक व्यावसायिकांना ते घेता येतं. वर्षाची जमा 50 लाखांपर्यंत असली पाहिजे, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर 75 लाखांपर्यंत चालते. जमेचा निम्मा भाग नफा धरायचा, उरलेला निम्मा खर्च झाला असं कायदाच मानतो. वह्या ठेवायची सक्ती नाही. पण त्या निम्म्यात सगळं आलं: लॅपटॉपचा घसारा (वापरानं दरवर्षी उतरणारी किंमत), भाडं, इंटरनेट, आणि पनीर भुर्जीसुद्धा. वेगळं एक बिलही दाखवता येत नाही.

मुलीची वर्षाची जमा 18 लाख, सगळी बँकेतून. उक्त्यात तिचं उत्पन्न झालं 9 लाख. दुसरं उत्पन्न काही नाही. 2025-26 साठी नव्या पद्धतीत 9 लाखांवर 30,000 रुपये कर येतो, पण 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम 87A ची सूट मिळते, म्हणून भरायचा कर शून्य. काम देणाऱ्या कंपनीनं पैसे देतानाच कापलेला कर, म्हणजे टीडीएस, उलट परत येणार.

"आणि माझी फाईल?"

मी तिला मोजूनच दाखवलं. उक्तं सोडलं आणि खरा खर्च लिहायला बसलो, तर काय निघतं? घराच्या भाड्यातला कामाच्या खोलीचा वाटा, महावितरणच्या बिलाचा तसाच वाटा, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी. 90,000 चा लॅपटॉप, त्यावर 40 टक्के घसारा म्हणजे 36,000. सगळं ओढूनताणून सव्वादोन लाख. म्हणजे उत्पन्न 15 लाख 75 हजार आणि त्यावर सेससकट कर 1,20,900 रुपये. शिवाय निम्म्याहून कमी खर्च... नाही, नीट लिहितो, इथं लोकांचा कायम घोटाळा होतो: निम्म्याहून कमी *नफा* दाखवायचा असेल तरच वह्या आणि ऑडिट मागं लागतं. हिचा तर नफाच निम्म्याहून कितीतरी जास्त निघत होता.

जेवणाचे 61,480 मी डोळे झाकून घातले असते, तरी कर लाखाच्या वरच राहिला असता. उक्त्यात तो शून्य आहे. कायद्यानं तिला नऊ लाखांचा खर्च न मागता दिलेला, आणि ती एकसष्ट हजारांसाठी वर्षभर टाचण्या मारत बसलेली.

जमा जास्त असेल, खर्चही खरोखर निम्म्याच्या वर जात असेल, तर वह्या ठेवून मोजून हिशेब द्यावा. तेव्हा घराच्या भाड्याचा आणि लाईटबिलाचा कामापुरता वाटा कायद्यानं मिळतो. स्वयंपाकघर त्यात धरू नका एवढंच.

क्लायंटला जेवायला नेलं तर?

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर 'हो' च्या बाजूला आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात जाऊन बघा. लांबून माल घेऊन आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय कोण सोडतं? ही पेठेची जुनी रीत आहे. अशाच रीतीचा वाद पटेल ब्रदर्स कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्या काळी पाहुणचाराच्या खर्चावर कायद्यात वेगळी बंधनं होती, आणि मुद्दा असा होता की बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला धंद्याच्या रिवाजाप्रमाणे घातलेलं साधं जेवण 'पाहुणचार' धरायचं का. 1995 साली कोर्टानं करदात्याच्या बाजूनं निकाल दिला. पाहुणचारावरची ती वेगळी मर्यादा पुढे 1998 पासून कायद्यातूनच गेली. आता कसोटी कलम 37 चीच.

म्हणजे मोजून हिशेब देणाऱ्याला क्लायंटच्या जेवणाचं बिल लावता येतं. बिलाच्या मागं पेनानं लिहून ठेवा: कोण होतं, कुठल्या कामाबद्दल बोलणं झालं, तारीख. मी तर म्हणतो, पैसे ऑनलाईनच द्या. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च कलम 40A(3) खाली तसाही उडतो, पण लग्नाची पंगत बसवल्याशिवाय जेवणाचं बिल तेवढं होणार नाही. जीएसटी नोंदणी असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: खाण्याच्या बिलावरच्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नं ते अडवलेलं आहे.

हाताखाली माणसं असतील तर त्यांचा चहा-नाष्टा हा कर्मचारी कल्याणाचा खर्च. कामासाठी मुंबईला जाऊन राहावं लागलं, तर तिथलं हॉटेल आणि जेवण प्रवासखर्चात धरायची रीत आहे.

आणि ज्यांचा धंदाच खाण्याचा आहे, त्यांचं सगळंच उलटं. घरून डबे देणाऱ्या ताईंचा किराणा हा कच्चा माल. रेसिपीचे व्हिडिओ करणाऱ्या बाईंनी शूटिंगसाठी आणलेलं मटणही कच्चा मालच, तो मघाचा नट आठवा. शूटिंग झाल्यावर घरातले पाच जण त्यावर ताव मारतात, ते मी विचारत नाही. पण महिन्याला दोन व्हिडिओ आणि मटण वीस वेळा, असं बिलांत दिसलं तर मी नक्की विचारतो.

"अमेरिकेत तर चालतं की!"

व्हिडिओ बहुतेक तिकडचेच असतात, म्हणून हा मुद्दा. तिथं धंद्यानिमित्त झालेल्या जेवणाचा साधारण निम्मा खर्च वजा होतो. तो क्लायंटबरोबरच्या किंवा कामाच्या प्रवासातल्या जेवणाचा. घरच्या टेबलावर एकट्यानं खाल्लेलं सँडविच तिथंही खाजगीच. पगारदारांना तर 2018 पासून पदरचे खर्च केंद्रीय करात दाखवायची सोय जवळजवळ बंदच आहे. व्हिडिओवाला एवढं पुढचं सांगत नाही, कारण मग व्हिडिओ कोण बघणार?

"एवढं कोण बघतंय?"

हा आक्षेप कुणी तोंडावर घेत नाही, पण असतो. रिटर्नसोबत बिलं जोडायची नसतात, म्हणून लोकांना वाटतं की चालून जाईल. 14 जुलै 2025 ला आयकर खात्यानं खोट्या वजावटी घालून रिफंड मिळवून देणाऱ्यांविरुद्ध देशभर एकाच वेळी कारवाई केली. तेव्हा भराभर फोन आले होते मला, "आमचं काही तसलं नाही ना?" म्हणून.

कलम 270A खाली उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या 50 टक्के दंड. चुकीची माहिती देऊन, खोटी नोंद करून किंवा पुरावाच नसलेला खर्च दाखवून कमी केलं तर 200 टक्के. समजा 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसानं 60,000 चं जेवण 'ऑफिस खर्च' म्हणून घुसडलं. वाचवलेला कर सेससकट 12,480. पकडलं तर तो भरायचा, त्यावर 24,960 दंड, आणि व्याज वेगळं. मागच्या वर्षी असं काही भरून बसला असाल तर अपडेटेड रिटर्न भरून आपणहून दुरुस्त करता येतं. त्याची मुदत आता चार वर्षांपर्यंत आहे, मात्र जितका उशीर तितका जादा कर.

मुलीनं फाईल मिटली. मग परत उघडली आणि फेब्रुवारीच्या गठ्ठ्यातून एक बिल काढून माझ्यापुढं सरकवलं. बेंगळुरूचा क्लायंट मिरजेला लग्नाला आला होता, तेव्हा दोघं कामाचं बोलत जेवले होते, 860 रुपये. "हे तरी?" मी म्हटलं, मोजून हिशेब देत असतीस तर हे एक लावलं असतं. उक्त्यात हेही आलं.

तेवढ्यात खालच्या टपरीवरचा पोरगा दोन कटिंग ठेवून गेला. तिनं ग्लासाकडं बघून विचारलं, "आणि हा चहा?"

माझ्या वह्या मोजून असतात. तिचा कटिंग मी गिऱ्हाइकाच्या चहापाण्यात लिहिला, माझा उचलीत.